चतुःसीमा

पंधरा वर्षं मी जमिनीच्या दाव्यांत टायपिंग केलं.
मुळशीचे गट, हवेलीचे सातबारे,
वहिवाट, ताबा, बांध कोरल्याच्या तक्रारी.
आता येरवड्यात, बाल कल्याण समितीत.
शब्द तेच निघाले.
ताबा. हजर. गैरहजर. पुढील तारीख.

खोली बालस्नेही करा, असा आदेश आला
तेव्हा भिंतीवर जिराफ काढला.
त्याच्या मानेत नेमका स्विचबोर्ड आला.
दिवा लावायचा तर गळा दाबावा लागतो.
शिपाई खैरे मामा रोज दाबतात
आणि "सॉरी हां" म्हणतात,
मुलं असोत नसोत.

प्रकरण क्रमांक सदुसष्ट.
सदर बालिका, वय अंदाजे दोन वर्षे चार महिने,
स्वारगेटच्या फलाटावर मिळून आली.
सोबत एक पिशवी, पिशवीत कांदे.
ते "अंदाजे" माझ्याच हातचं.
वय दातांवरून काढतात, बैलासारखं.
नाव सांगता येईना, संस्थेनं ओवी ठेवलं.
हाक मारली की ओ देते.
आईच्या अर्जात नाव आहे यल्लू.

आई, रेणुका धोत्रे,
पाच महिने इथल्याच मनोरुग्णालयात होती.
बरी झाली. कागद आहे, शिक्का आहे,
डॉक्टरांची सही लागत नाही.
पाच महिने मायलेकींमध्ये
रिक्षाचं मीटर पुढं सरकणार नाही एवढं अंतर,
आणि कुणालाच माहीत नव्हतं.

जमिनीच्या दाव्यात चतुःसीमा लिहाव्या लागत.
बोटांना सवय. मनातल्या मनात लिहून पाहिली.
पूर्वेस भिंत, तिच्या पलीकडे आई.
दक्षिणेस संस्थेच्या सुनंदा मावशी,
ज्यांना पोर आई म्हणते
आणि ज्यांची ड्यूटी आठला संपते.
पश्चिमेस एक यादी, दत्तक मागणाऱ्यांची,
तिथं कुणी आत्तापासून पडद्यांचे रंग बघत असेल.
उत्तर सापडेना.

भेटीला वीस मिनिटं.
तांबोळी मॅडम खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या,
गुडघा धरून.
पोरीनं मावशींच्या पदरात तोंड खुपसलं.
आई जवळ गेली नाही.
"यल्लू," म्हणाली, एकदाच.
पदर हलला नाही.
परिविक्षा अधिकाऱ्याच्या पेनाचा आवाज
मला इथवर ऐकू आला.

मग त्या बाईनं बोटाच्या पेरानं
फरशीवर ठोकलं.
टक. टकटक. टक.
पाट्याला टाकी लावतात तसं.
कामच ते तिचं, जनता वसाहतीत दारोदार,
मूल पाठीला बांधून.
थांबली.
पुन्हा.
पदरातून एक मूठ बाहेर आली,
मुठीत अर्धं बिस्कीट.
फरशीवर आपटली.
टकटक.
बिस्कीट फुटलं.

मॅडम म्हणाल्या, लिहा.
काय, ते मी विचारलं नाही.
"सदर बालिकेने प्रतिसाद दिला." खोडलं.
"ओळख पटली." पुरावा काय? खोडलं.
शेवटी लिहिलं:
"अर्जदाराने फरशीवर ठोकले. बालिकेनेही ठोकले."
मॅडमनी चष्मा कपाळावर नेला, परत आणला.
असू द्या, म्हणाल्या.

गृहभेटीचा अहवाल यायचाय.
पुढील तारीख तीस दिवसांनी.
जमिनीला तीस दिवस म्हणजे काहीच नाही,
जमीन आपली तिथंच असते.
हिला तेवढ्यात दाढ येईल,
फ्रॉक आखूड होईल,
"पाणी"ला ती काय म्हणते तेसुद्धा बदलेल.
याला माझ्याकडे रकाना नाही.

मावशी तिला कडेवर घेऊन निघाल्या.
दारात आई एका अंगाला झाली,
अरुंद बांधावर समोरून कुणी आलं
की आपण होतो तशी.

"बंद करू का?" मामांनी विचारलं,
हात जिराफाच्या गळ्याशी.
थांबा म्हटलं जरा.
खाली जिन्यात, कठड्यावर
अजून कुणीतरी ठोकत होतं.