बुकरा

रुवीच्या हॉटेलात निरोपाचं जेवण झालं.
बिर्याणी होती, आणि केकवर माझं नाव,
टिपणीसमधला एक एस खाल्लेला.
नव्या पोरींपैकी एकीनं विचारलं,
सर, तीन धडे सांगा ना, एवढ्या वर्षांचे.

पहिला सांगितला: बिल पाच तारखेच्या आत पाठवा,
सहा तारखेला प्रत्येक गिऱ्हाईक गरीब असतं.
हशा.
दुसरा: ऑगस्टात भर दुपारी छतावर माणूस चढवू नका,
कॉम्प्रेसर बंद पडला तर पडू दे.
(हा मी चौदा उन्हाळे उशिरा शिकलो,
ते नाही सांगितलं.)
तिसऱ्याच्या आधी पाणी प्यालो
आणि म्हटलं, घरच्यांना वेळ द्या.
टाळ्या.

तिसरा होता हिरव्या तिजोरीत.
दोनशे बारा पासपोर्ट, गावांप्रमाणे रबरबँड लावून:
करीमनगर, सिवान, चिपळूण, सिल्हेट.
किल्ली माझ्या कमरेला.
इथे सुरक्षित राहतात, म्हणायचो,
आणि खरंच, एकही कधी हरवला नाही.

सोहारच्या शटडाऊनमध्ये पोचय्या तीनदा आला.
पहिल्यांदा वडील आजारी,
दुसऱ्यांदा फार आजारी,
तिसऱ्यांदा नुसताच दाराशी उभा, बूट काढून.
मी म्हटलं, नऊ दिवस राहिलेत रे, नऊ.

काम दोन दिवस आधीच संपलं.
क्लायंटनं काचेच्या पेटीत खंजीर दिला.
पोचय्यानं रजिस्टरवर सही केली, पासपोर्ट घेतला,
थँक्यू सर म्हणाला.
शिवी दिली असती तर मी केव्हाच विसरलो असतो.

आता व्हिसा रद्द करायला माझा पासपोर्ट खल्फानकडे.
दोन दिवस म्हणाला होता, आज सहावा.
घाई काहीच नाही, तिकीट रविवारचं आहे,
खंजीरसुद्धा मोठ्या बॅगेत, लुंगीत गुंडाळून ठेवलाय.
तरी हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जातो.
सुनीती विचारते, छातीत दुखतंय का?

फोन लावतो. आवाज जमेल तितका मऊ ठेवतो,
असा आवाज माझ्याकडे आहे
हेच मला ठाऊक नव्हतं.
खल्फान, भावा, झालं का?

बुकरा, सर. बुकरा.

बुकरा म्हणजे उद्या.
चौतीस वर्षांत एवढाच अरबी शब्द
माझ्या जिभेवर नीट बसला.
कानाला मात्र
अजून नवा आहे.