बेथेलची मोजणी

चॅपलचं नावच बेथेल. दारावर कोरलेलं,
पहिल्या अक्षराच्या पोटात शेवाळ.
ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यात, वळणावर, जिथे रस्ता
सव्वादोन मीटरनं रुंद व्हायचाय.
मी कौन्सिलची सर्व्हेअर. तिपाई रोवते,
भिंगातून बघते, लाल खुंट्या ठोकते
एक्केचाळीस थडग्यांच्या मधून.

इदवाल प्रोसर रोज येतात. वय ब्याऐंशी,
खिशात पुदिन्याच्या गोळ्या, एका कानाला यंत्र,
तेही बहुतेक बंद.
"ती दोन सोड," म्हणतात. "बाकीची ने कुठेही.
माझी आईसुद्धा ने. तिला इथला वारा
कधी सोसलाच नाही."

त्या दोघांतला एक दगड बिननावाचा.
खाली म्हणे परगावचा उपदेशक,
ज्यानं इथल्या रंगाचा वास जायच्या आधीच
सांगितलं होतं: या व्यासपीठावर कबुतरं बसतील
आणि पूर्वेकडून कुणीतरी येऊन
तुमची हाडं मोजेल.
लोकांनी त्याला उपाशीच वाटेला लावलं.
दुसरा दगड इदवालच्या पणजोबांचा.
त्यांनी त्याला घाटात गाठलं. खोटंच सांगितलं,
की गावानं माफ केलंय, चल.
घरी नेऊन मटणाचा रस्सा पाजला,
आणि उशिरा, फार उशिरा निरोप दिला.
डोंगरावर बर्फ. सकाळी प्रेत,
प्रेताशेजारी खाणीतलं तट्टू,
जागचं न हललेलं.

मला हसू आलं. ही गोष्ट मला पाठ आहे.
सिंह तेवढा कमी होता.

जालन्यात, मिशनच्या कंपाउंडात, कंदिलाखाली
बाबा राजांची पुस्तकं वाचायचे. पाळक प्रभाकर ओहोळ,
आवाज असा की शेजारच्या कोंबड्या खुराड्यात दचकत.
यराबाम वेदीपाशी धूप घेऊन उभा,
आणि यहूदातून आलेला तो निनावी माणूस
राजाला सोडून वेदीशीच बोलतो,
अजून जन्मायच्या एका पोराचं नाव घेतो:
योशीया.
मग तीनशे वर्षं ते नाव
खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखं.
माप ठरलेलं, अंग यायचंय.

मी विचारायचे, योशीयाला ठाऊक होतं का?
बाबा चष्मा पुसायचे. खूप वेळ पुसायचे.
"तसं लिहिलेलं नाही," म्हणायचे
आणि वात बारीक करायचे.

"हे तुम्ही बायबलातून उचललंत,"
मी इदवालना म्हटलं.
"पणजोबांनीही तिथूनच उचललं असेल.
खोटं बोलायलासुद्धा नमुना लागतो, पोरी."
मग गोळी पुढे केली. "पण आत जाऊन कबुतरं बघ."

कबुतरं होती. छताला भोक,
व्यासपीठावर पांढरे ओघळ,
आणि दारात पूर्वेकडून आलेली मी,
हातात एक्केचाळीसचा आकडा.
पाठीतून काहीतरी सरकलं.
थंडीही असेल. मार्च होता.

योशीया थडगी उकरतच आला होता.
हाडं बाहेर काढ, वेदीवर जाळ, पुढचं थडगं.
भाकीत त्याच्याच हातानं खरं होत होतं
आणि त्याला ते काम वाटत असणार,
मला वाटतं तसं, साडेआठ ते पाच.
मग मध्येच थांबून त्यानं विचारलं,
तो दगड कुणाचा?
एवढ्या जुन्या त्या भाकितात
हा प्रश्न कुठेच नव्हता.
हा त्याचा स्वतःचा.
लोकांनी सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या.
आणि खऱ्याच्या कुशीला निजलेला
एक खोटारडाही वाचला.

नकाशावर दोन चौकोन मी पेन्सिलीनं घेरले.
शेऱ्यात लिहिलं, जागीच ठेवावेत.
वरचे ऐकतील असं नाही. रस्त्यालाही
आपलं भाकीत असतं, मंजूर झालेलं, सहीशिक्क्याचं.

नावाचा रकाना रिकामा सोडला तर
संगणक पुढे सरकत नाही.
दोनदा अडला. मग मी मराठीतच टाइप केलं,
पहिल्यासमोर: देवाचा माणूस.
दुसऱ्यासमोर बोट थबकलं.
इदवाल खांद्यावरून बघत होते, न कळणारी अक्षरं.
लिहिलं: त्याला जेवू घालणारा.
तेवढं तरी खोटं नव्हतं.