कात्रीतून उरलेलं

एव्हाझिओ मुसान्तेबद्दल विचारताय ना?
बसा. खुर्चीचा डावा पाय हलतो, जरा जपून.
मी त्याची कात्री होते, बारा वर्षं.
तोरिनोत, दोरा नदीच्या काठी, काचेच्या छपराखाली
तो मरायचा,
आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीत
किती वेळ मरायचं ते मी ठरवायचे.

टोप्या शिवणाऱ्याचा पोरगा. नाटकात आला तो पडदा ओढायला.
सिनेमात शिरला तो थाप मारून, की घोड्यावर बसता येतं.
पहिल्याच दिवशी पडला.
इतका सुरेख पडला
की मालकांनी पडणं ठेवलं आणि गोष्ट बदलली.
मग काय! कड्यावरून, रथातून, सिंहासनावरून,
मुसान्ते पडतोय म्हटलं की तिकिटं संपायची.
चौथ्या वर्षी दिग्दर्शकही तोच.
म्हणाला, मी कुठे पडणार ते दुसऱ्याला काय कळतंय?

त्याचं रोम कागदाच्या लगद्याचं होतं.
थंडीत खांबांना बुरशी यायची.
सिनेटर झग्याखाली लोकरीचे पायमोजे घालून उभे
आणि कोणीतरी सारखं ओरडतंय, टेकू नका रे खांबांना!
तोंडानं तर तो वाट्टेल ते बोलायचा.
ऐकतंय कोण?
राणीच्या पायाशी गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून
आमच्या गावठी बोलीत कांद्याचा भाव सांगायचा.
राणी, म्हणजे आमची लिदुविना, हसू दाबताना थरथरायची
आणि वर्तमानपत्रं लिहायची, काय हा शोक!

मग तो नाताळ.
बहिऱ्या मुलांच्या शाळेला फुकट खेळ.
सम्राट मुलाच्या प्रेतावर ओणवा झाला
आणि अख्खं थिएटर हसायला लागलं.
बाकं बडवत, पोटं धरून,
स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसलेलं ते हसू.
मुलं ओठ वाचत होती.
सम्राट म्हणत होता, बूट चावतोय,
आणि आज पुन्हा मसुरीचंच सूप.

ओठांत एक, पोटात एक, कुणाचं नसतं?
पण त्याचे ओठ पडद्यावर दोन हात रुंद होते.

त्या रात्री तो जेवला नाही.
दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वाक्य लिहून काढायचा,
घोकायचा, बरोब्बर बोलायचा,
पाठमोरा असला तरी.
एकेका दृश्याला दोन-दोन दिवस. मालक करवादायचे,
बहिऱ्यांची तिकिटं किती रे खपतात?

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. युद्ध. बँका बुडाल्या.
छपराच्या काचा एका माळ्यानं नेल्या,
त्यांच्याखाली टोमॅटो लावले, चांगले यायचे.
सिनेमे किलोवर गेले. वितळवून त्यांचे कंगवे केले म्हणे.
मी एक विकत घेतला होता. त्याचे दात लवकर पडले.

तो स्टेशनजवळच्या हॉटेलात रात्रीचा दरवान झाला.
दिवा बदलायला शिडीवर चढला.
तीनच पायऱ्या.
ते पडणं कुणी पाहिलं नाही.

बिस्किटांच्या या डब्यात आहे ते मी कापून टाकलेलं.
टाकायला म्हणून कापलं, तेवढंच शिल्लक राहिलं.
हा तुकडा बघा, शेवटच्या सिनेमातला.
मेल्यावर तो डोळे उघडतो, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतो.
मेलेला माणूस बोलतोय! मी तिथेच कात्री चालवली.

गेल्या मार्चमध्ये चेलेस्तीनोला बोलावलं.
त्या बाकांवरचाच एक, आता छापखान्यात खिळे जुळवतो.
भिंतीवर चादर लावली, हातानं यंत्र फिरवलं.
त्यानं तीनदा बघितलं.
मग पेन्सिल मागितली, पावाच्या कागदावर लिहिलं:
एर्मेलिंदा, इथे कापू नकोस. अजून आहे.

काय होतं अजून, ते त्या पुढच्या फिल्मवर.
ती मी पेटीत टाकली, पेटी गाडीवर गेली.

मला वाटलं होतं,
कांदे असतील.