पोल नंबर एकेचाळीस

त्या गल्लीत मी तीन वर्षांत
नऊ वेळा दिवा बदलला.
जहाजावरून येणाऱ्यांना म्हणे
पोर्ट ऑफ स्पेनचा आमचा डोंगर
रात्री दागिन्यासारखा दिसतो.
त्यातला एक खडा कायम निखळलेला असायचा,
तो माझा.

गोळी काचेला लागते तेव्हा फार आवाज होत नाही.
वाळकी चिंच मोडावी, तेवढाच.
मग अंधार, आणि अंधारात त्यांचा धंदा.
आम्ही अहवालात लिहायचो :
दिवा निकामी. कारण अज्ञात.
अज्ञात कोण, कुणाचा, कुठल्या घरी जेवतो,
हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक.

जुलैत एका आठवड्यात सात जण गेले.
तेव्हा मंत्री आले, भर उन्हात,
कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट,
म्हणाले, कुणाचीही गय केली जाणार नाही.
(हे वाक्य सरकारकडे शिक्क्यासारखं असतं,
शाई तेवढी दरवेळी ताजी.)
मग आणीबाणी. दहा ते पाच संचारबंदी.
सैनिकांनी दारं ठोठावली नाहीत,
उचलून बाजूला ठेवली.
पॅनयार्डातली स्टीलची पिंपं ताडपत्रीखाली गेली
आणि डोंगराला पहिल्यांदाच
आपलीच कुत्री ऐकू आली.

खरं सांगतो, त्या महिन्यात मी झोपलो.
माझी मुलगी खिडकीपाशी अभ्यासाला बसली.
चार वर्षं आम्ही तिला जमिनीवर बसवत होतो,
फ्रीजच्या आडोशाला.
म्हणून मला विचारू नका
मी कुठल्या बाजूचा.

पण केरॉनलाही नेलं त्यांनी.
माझी शिडी धरायचा तो,
दिवसाला चाळीस डॉलर आणि दोन डबल्स, मिरची कमी.
आरोप काय, ते तेव्हा ठरायचं होतं.
अजून ठरतंय.

दहावा दिवा थाटात बसला.
पांढरा एलईडी, भोवती लोखंडी जाळी.
नगरसेविकेने फीत कापली,
एका विजेच्या खांबाची!
खाली मोहरी सांडली तर वेचता यावी
असा उजेड.

दुसऱ्या दिवशी मिसेस युडोरा सेलेस्टीन
वीज मंडळाच्या ऑफिसात आल्या,
चर्चला घालायची हॅट घालून.
म्हणाल्या, तो दिवा काढा.
साहेब म्हणाले, बाई, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे तो.
हो, ठाऊक आहे, त्या म्हणाल्या.
माझा जबारी त्याच खांबाखाली पडला.
अंधार होता तोवर मी खिडकी उघडी ठेवायचे.
आता रात्रभर ती जागा दिसते.
तिथे तुम्ही नवं सिमेंट ओतलंय,
आजूबाजूच्यापेक्षा फिकट,
जवळजवळ त्याच्या उंचीएवढं.

साहेबांनी फॉर्म उलटसुलट केला.
रस्त्यावरचा उजेड : पुरेसा, अपुरा.
तिसरा रकाना नव्हता.

गल्लीत चौकशी केली तर
दिवा काढू नका म्हणून लोक अंगावर आले.
रात्रपाळीची नर्स, टॅक्सीवाला फिट्झरॉय,
दोन मुली, ज्या आता साडेनऊला
आईसक्रीम आणायला जातात.
आणि जिथून गोळ्या यायच्या, त्या घरातली म्हातारी,
तिलाही उजेड हवा होता.

रंगाच्या डब्याचं झाकण मी कात्रीने कापलं,
काळा रंग दिला, वाळू दिला,
आणि संध्याकाळी वर चढलो.
शिडी पट्ट्याने खांबाला आवळून,
कारण खाली धरायला कुणी नव्हतं.
झाकण थोडं डावीकडे, थोडं खाली,
पुन्हा थोडं डावीकडे.
शेवटी तिच्या खिडकीवर आणि सिमेंटच्या त्या तुकड्यावर
सावली बसली.
बाकी रस्ता तसाच लख्ख.

अहवालात लिहिलं : किरकोळ दुरुस्ती.
नियमात बसतं का, माहीत नाही.
तिने खिडकी उघडली का, तेही मी पाहिलं नाही.
दहा वाजत आले होते,
आणि एकट्याने शिडी उतरवायला
वेळ लागतो.