चार मिनिटं

मुंजाजी बाबू फोनवर एवढंच म्हणाले,
चाऊस, किल्ली हरवली, मागच्या खोलीचं कुलूप काढून दे.
कोणती खोली ते दारात गेल्यावर कळलं.
परभणीचं ऊन, सुबाभळीची विरळ सावली,
दारावर पिवळी पाटी, पाटीवर तीन काळ्या पाकळ्या,
एका पाकळीवरून यंदाचा डिस्टेंपर फिरलेला.
मला वाटलं, पंख्यांची खोली असेल.

सात लिव्हरचं, अलीगढचं. चांगलं कुलूप.
उकिडवा बसलो, तार वाकवली, कान लावला.
बाबूंनी घड्याळ बघितलं नाही. मी बघितलं.
चार मिनिटं.
मधे एकदा शिंक आली, ती धरून.

आत एक रांजण. शिशाचा, म्हणाल्या देगलूरकर मॅडम.
माझ्या कमरेएवढा, पण दहा गड्यांना हलायचा नाही.
पूर्वी ज्वारीचं, तुरीचं बी ह्याच्या पोटात ठेवायचे,
बियाचा स्वभाव बदलायला.
आता कोणी ठेवत नाही.
कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं, रिकामं.
मॅडमच्या हातातलं यंत्र थांबून थांबून वाजत होतं,
भिंतीवर पाल चुकचुकावी तसं.
एवढं असतंच, त्या म्हणाल्या, बाहेरही असतं, तुमच्या अंगणातही.
मी मान डोलावली. मला अंगण नाही, हे बोललो नाही.

टेबलावर वही उघडी होती.
बारा महिन्यांच्या बारा तपासण्या, बारा सह्या,
एकच शाई, एकाच बाजूला कललेली,
जानेवारी ते डिसेंबर एका बैठकीत उरकल्यासारख्या.
किल्ल्या घासण्यात जन्म गेला माझा,
हाताची घाई मला कागदावरही दिसते.

व्हाऊचरवर लिहिलं: कुलूप काढणे, रुपये दीडशे.

मग गंगाखेड रोडच्या भंगारात शिशाची एक वीट निघाली,
तिच्यावरही तीन पाकळ्या.
नुसती वीट होती, तिच्यात काही नव्हतं, असं सगळे म्हणाले.
पण आया पोरांना भंगाराच्या गल्लीतून जाऊ देईनात,
आणि विद्यापीठाला सभा घ्यावी लागली.

स्टेजवरचे साहेब म्हणाले, सुरक्षा तिहेरी आहे.
कुलूप, कॅमेरा, पहारेकरी.
कॅमेऱ्याची वायर खारींनी खाल्लेली, मी पाहिली होती.
पहारेकरी म्हणजे नारायणगीर, दोन गेट आणि गेस्ट हाऊस सांभाळून
त्याच खोलीच्या खिडकीत मोबाइल चार्जिंगला लावणारा,
कारण दुसरीकडे बटण चालत नाही.

मॅडम खऱ्या बोलल्या. आत जे आहे
ते दर पाच वर्षं तीन महिन्यांनी अर्धं होतं,
मग अर्ध्याचं अर्धं,
आता थोडंच उरलंय.

शकुंतला वाव्हळे उठल्या, विटेच्या गल्लीतल्या.
थोडं म्हणजे कसं थोडं, बाई?
मिठासारखं थोडं, का विंचवासारखं?

हॉल हसला. मग एकदम हसायचा थांबला.
मॅडम पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिल्या.
आणि साहेब तेच म्हणाले, कुलूप, कॅमेरा,

चार मिनिटं, मी म्हणालो.
कोणी विचारलं नव्हतं. मागच्या रांगेतून, बसल्या बसल्या.
काय चार मिनिटं?
कुलूप, साहेब. शिंकेसकट.

मला कोणी रागावलं नाही. नवं कुलूप माझ्याकडूनच घेतलं,
दहा लिव्हरचं, तीन किल्ल्यांचं.
म्हटलं, किल्ल्या सही घेऊन देणार.
एक मॅडमनी नेली. एक नारायणगीरनं, अंगठा उठवून,
सही येत असताना.
तिसरीसाठी बाबू म्हणाले, वरून नाव येऊ दे.

नाव अजून आलेलं नाही.
ती किल्ली माझ्या दुकानात आहे, तारेत ओवून,
कानसांच्या डब्यामागं.
रोज शटर ओढायच्या आधी हात घालून बघतो.
मग शटरला कुलूप लावतो.

ते दीड मिनिटाचं आहे.