कावळ्याचं पीस

पणजीत, मळ्याला, पदेराच्या भट्टीवरच्या माडीवर
ओतीलिया रेबेलोने मला बोलावलं,
टेबलाचा पाय हलतो म्हणून.
टेबल नव्हतं ते.
झाकण उचललं तर आत तारा. मी मोजल्या, एकशे आठ.
"जपमाळेइतक्या," म्हणालो.
"बनवणारा फ्लेमिश होता, मेस्त शाणू,
त्याला तुझी माळ कुठली ठाऊक!"

"ह्याला क्राव्हु म्हणायचं. लवंगेलाही क्राव्हु,
खिळ्यालाही."
खिळा मला कळला.

पियानोसारखी तार बडवत नाही हा. छेडतो.
प्रत्येक पट्टीच्या शेवटाला एक लाकडी काडी,
काडीला जीभ, जिभेत पिसाची कणी.
"पूर्वी डोमकावळ्याचं पीस लावत.
मला प्लास्टिक पाठवतात. तुमच्यात कावळे नाहीत का?"

आमच्यात कावळ्याला हात जोडतात.
अण्णांच्या पिंडाला तो दुपारी दोनपर्यंत शिवला नाही,
शेवटी भटजींनी दर्भाचा केला.
तरी मी गेलो. मासळी बाजाराच्या मागे
वाकून पिसं वेचली, पिशवीत भरली,
कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवत.

स्वतःबद्दल ती एका दमात कधी बोलली नाही.
लिस्बनला नऊ वर्षं, त्यातली चार हॉटेलात बशा पुसत.
हेगच्या स्पर्धेत तिसरी.
"चौघांत," हे तिनेच सांगितलं.
मग पप्पा आजारी, मग पप्पा गेले,
मग परतीचं तिकीट ड्रॉवरमध्ये पिवळं पडलं.
वाद्य बोटीने आलं तेव्हा कस्टमवाला म्हणाला,
फर्निचर की यंत्र?
आणि दोन्हीचा कर लावला.

दुपारी पोरांना परीक्षेपुरता पियानो.
लग्नवाले यायचे: बाई, जरा मोठ्याने वाजेल का?
नाही वाजत.
बोट आपटा, बोट टेकवा, आवाज तेवढाच.
"मग दुःख कसं दाखवता?" मी विचारलं.
"उशिरा," ती म्हणाली,
आणि वाजवून दाखवलं:
डावा हात वेळेवर पोचला,
उजवा जरासा मागे राहिला,
उंबऱ्याशी येऊन चपला काढाव्यात की नाही
असा.

मी भजनी मंडळाच्या पेट्या लावणारा माणूस.
आमच्याकडे सगळे सूर सारखेच थोडे थोडे खोटे.
ती काही सूर मधासारखे लावायची,
आणि उरलेला कडूपणा ढकलून ढकलून
एका कोपऱ्यात नेऊन ठेवायची.
"तिथे बोट नको. तिथे लांडगा बसलाय."

एका डिसेंबरात डोंगरावरच्या चॅपेलात कार्यक्रम झाला.
टेंपोत मी वाद्याला गोधडीत धरून बसलो होतो.
तेवीस माणसं, त्यातली सहा पाद्री, एक वाघूळ.
नदीवरून दमट वारा आला, सूर सुटले.
ती थांबली. किल्ली घेऊन दोन तारा पिळल्या,
टिंग, टिंग, बराच वेळ टिंग.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
ती उठून वाकली. काय करणार?
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं:
श्रीमती रिबेरो यांचे सुश्राव्य पियानोवादन.
कात्रण तिने शौचालयाच्या दाराला चिकटवलंय, अजून आहे.

आता सत्तर उलटली. जलद तुकडे सोडून दिलेत.
एक सारबांद तेवढी, संध्याकाळी,
खालून पावाचा वास वर येतो तेव्हा.
खिडकीत ती पावाचं टोक ठेवते.
कावळा कधी शिवतो, कधी बघून जातो,
ती दोन्हीकडे लक्ष देत नाही.

परवा मधल्या पट्टीची कणी झिजलेली दिसली.
वस्तरा काढला, म्हटलं, नवी बसवतो.
"राहू दे, मेस्त.
ती अलीकडे आपणहून उशीर करते."
मी वस्तरा मिटला.
टेबलाचा पाय, म्हणजे वाद्याचा, अजून हलतोच आहे.
खाली पुठ्ठा घातलाय.