बावीस अक्षरांचं बटण

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
मुनाफ सारंगच्या फोटो स्टुडिओत
स्टुलावर बसून मी त्याचं बोट बघते आहे.
हेच माझं काम.
फोटो सुधारायच्या एका प्रोग्रॅममधले
मराठी मेनूचे शब्द मी लिहिते,
आणि शब्द कुठे अडतो
ते बोटाला आधी कळतं.

'निर्यात'वर येऊन ते थांबतं. दर वेळी.
"ताई, निर्यात कांद्याची होते,
नाहीतर आमच्या हर्णैच्या कोलंबीची.
नाहीतर आमची."
हसतो.
मी वहीत लिहिते : कांदा.

मग मेस्त्रींचं सांगतो.
जनार्दन मेस्त्री, सज्जाच्या कॅम्पातले, परांची बांधतात.
मुलीचा साखरपुडा कुडाळला झाला,
सुट्टी मिळाली नाही.
फोन पुढे धरून उभे राहिले : सगळे ओळीत,
आणि डाव्या टोकाला एक माणूस मावेल एवढी जागा
घरच्यांनी आठवणीनं सोडलेली.

मुनाफनं त्यांना इथल्या पडद्यापुढे उभं केलं,
स्टुडिओतला कोट चढवला,
कुडाळच्या उन्हाप्रमाणे सावली वळवली,
मुलीच्या खांद्यावर हात नेऊन ठेवला.
एकोणीस थर.
रात्री दीडला 'निर्यात' दाबलं, फोटो गेला.
खिडकी मिटताना प्रश्न आला :
बदल जतन करायचे?
"म्हटलं, झालंय की सगळं. 'नाही' दाबलं."

सकाळी मेस्त्री परत.
कोट नको म्हणाले, घरी कुणी ओळखायचं नाही.
माझा चौकड्याचा शर्टच असू दे.
पण थर उरलेच नव्हते.
बाप, लेक, खुर्च्या, सावली
एकाच पापुद्र्यात.
कोट काढावा तर खाली काहीच नाही.

ते 'नाही' माझं.
गेल्या वर्षी मीच लिहिलेलं,
जेवणाची सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी,
लहान बटणात मावतं म्हणून.
हे मी मुनाफला सांगितलं नाही. अजून नाही.

रात्री अल नहदाच्या खोलीत शब्द मांडून बसते.
'जतन' चांगला, पण वरच्या फळीवरचा, हात पुरत नाही.
'साठवा' म्हटलं की गच्चीवरची टाकी दिसते.
'सेव्ह'वर कुणी अडत नाही, ते राहू दे.
अरबी मेनूत त्या जागी 'हिफ्ज' आहे.
मुनाफ म्हणाला होता, कुराण तोंडपाठ करतात ना,
त्यालाही हाच शब्द.
मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.
बावीस अक्षरांत तो बसत होता,
मराठीत बसत नव्हता.

शेवटी साधंच लिहिलं :
थरांसह सेव्ह करा.
पाठवायची प्रत काढा.
आणि खिडकी मिटताना हो नाही, नाही नाही;
थर ठेवा. थर टाकून द्या.

मुनाफनं मोठ्यानं वाचलं.
"टाकून द्या असं तोंडावर लिहिलंत
तर कोण दाबेल?"
बोट थांबलं नाही, खाली गेलं.

मेस्त्रींचा फोटो त्यानं पहिल्यापासून पुन्हा केला,
दोन रात्री, पैसे न घेता.
चौकड्याचा शर्ट नीट आलाय.
हात मात्र खांद्यावर पहिल्यासारखा बसला नाही,
किंचित तरंगतो,
बारकाईनं बघणाऱ्याला दिसतं.
मेस्त्री म्हणाले, असू दे.